लांबी ठरवण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझा मेल सावकाश, दोनदा वाचला. क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो यावरचा तुझा ४० सेकंदांचा यूट्यूब शॉर्ट, म्हणजे उभा छोटा व्हिडिओ, ३ लाख व्ह्यूजच्या वर गेला, आणि ज्याच्यासाठी तू महिनाभर रात्री जागवल्यास तो ग्रहणांवरचा १८ मिनिटांचा व्हिडिओ ६०० व्ह्यूजवर अडकला. "ताई, मोठे व्हिडिओ बंद करून रोज एक शॉर्ट टाकू का?" असं तू विचारलंयस. उत्तर आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. मोठे व्हिडिओ बंद करू नकोस. शॉर्टही सोडू नकोस, पण रोज एक टाकायच्या फंदात पडू नकोस. असं का म्हणते ते नीट लिहावं लागेल, कारण हा प्रश्न दोन आकड्यांची तुलना करून सुटण्यासारखा नाही.

तरी सुरुवात आकड्यांपासूनच करू, कारण तुझं मन तिथे अडकलंय. यूट्यूबने ३१ मार्च २०२५ पासून शॉर्टचे व्ह्यूज मोजायची पद्धत बदलली. शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा फिरून चालू झाला की एक व्ह्यू. किती सेकंद पाहिला याची काही अट नाही. बोटाने सरकवत जाणाऱ्या माणसाच्या स्क्रीनवर तो क्षणभर झळकला तरी तो मोजला जातो. जे खरोखर थांबून पाहतात त्यांचा आकडा 'एंगेज्ड व्ह्यूज' या नावाने स्टुडिओत, म्हणजे चॅनल चालवणाऱ्याला यूट्यूब जिथे आकडे दाखवतं तिथे, वेगळा दिसतो, आणि पैशाचा हिशेब त्यावरच होतो. तो आधी उघडून बघ. मोठ्या व्हिडिओला मात्र बहुतेक वेळा माणूस थंबनेल बघतो, शीर्षक वाचतो, 'हे मला बघायचंय' असं ठरवतो आणि मग क्लिक करतो. तुझ्या ६०० व्ह्यूजमागे असे ठरवून केलेले निर्णय आहेत. ३ लाखांच्या बाबतीत जवळजवळ सगळे निर्णय फीडने, म्हणजे एकामागून एक व्हिडिओ समोर आणणाऱ्या यंत्रणेने, घेतले.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडते. समज, शॉर्टचा प्रत्येक व्ह्यू सरासरी १५ सेकंदांचा धरला, तर ३ लाखांचे १,२५० तास होतात. ग्रहणाचा व्हिडिओ ६०० वेळा सरासरी ६ मिनिटं पाहिला गेला, तर ६० तास. तासांच्या हिशेबातही शॉर्टच कितीतरी पुढे आहे. त्यामुळे 'शॉर्ट म्हणजे नुसता फुगवलेला आकडा' असं कुणी म्हटलं तर मानू नकोस. इतक्या लोकांनी तुझ्यामुळे चंद्राकडे पुन्हा एकदा पाहिलं असेल, ही लहान गोष्ट नाही.

पण दोन्हीकडच्या कॉमेंट्स शेजारी ठेवून वाच. मी वाचल्या. शॉर्टखाली 'भारी', 'मस्त', टाळ्यांचे हात, आणि चंद्राशी काही संबंध नसलेल्या दोघांचं लांबलचक भांडण. ग्रहणाच्या व्हिडिओखाली मोजक्याच कॉमेंट्स आहेत. त्यातल्या एकाने विचारलंय, 'चंद्राची कक्षा कललेली आहे हे पटलं, पण मग तो कल कायम एकाच दिशेला राहतो का?' तो माणूस ज्या जागी पोचला, तिथे ४० सेकंदांत कुणालाही नेता येत नाही. त्याला तुझं नाव आठवेल. पुढच्या ग्रहणाच्या आदल्या दिवशी तो तुझं चॅनल शोधत येईल. हा माणूस तुझा आहे. शॉर्ट पाहणारा बहुतेक करून फीडचा असतो, तुझ्याकडे तो वाटेत येऊन जातो.

माझं सगळं म्हणणं यातूनच निघतं. लांबी म्हणजे काय, तर समोरच्याच्या आयुष्यातला किती वेळ मागायचा याचा निर्णय. तो विषयाने आणि तुझ्या हेतूने ठरवायला हवा. एखाद्या आठवड्यात कुठल्या आकाराचा व्हिडिओ जास्त पसरला, यावरून तो ठरायला लागला की हळूहळू विषयही त्याच मापाचे सुचू लागतात, आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

तुझेच दोन विषय घे. क्षितिजावरचा चंद्र मोठा भासतो, प्रत्यक्षात तो तेवढाच असतो. हे दाखवायला तू हात ताणून करंगळी चंद्रासमोर धरलीस. करंगळीच्या टोकाची रुंदी हाताच्या अंतरावरून साधारण १ अंश भरते, चंद्र अर्धा अंश. म्हणजे करंगळीआड तो उगवताना जितका सहज झाकला जातो, तितकाच डोक्यावर आल्यावरही. एक कृती, दोन वेळा, आणि बघणाऱ्याच्या मनातली समजूत तिथल्या तिथे मोडते. याला प्रस्तावना लागत नाही. हाच विषय १० मिनिटं ताणला असतास तर पाणी घातल्यासारखा झाला असता. तो शॉर्ट चालला, कारण त्या गोष्टीचं मापच ते होतं.

आता ग्रहण. दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? हे समजायला आधी डोळ्यांसमोर पृथ्वीची कक्षा उभी करावी लागते. मग तिच्याशी साधारण ५ अंशांनी कललेली चंद्राची कक्षा. मग त्या दोन्ही जिथे छेदतात ते बिंदू. मग अमावास्या त्या बिंदूंजवळ पडली तरच सावली पृथ्वीवर पडते, एरवी ती वरून किंवा खालून निघून जाते, हे. म्हणून ग्रहणांचे हंगाम साधारण सहा-सहा महिन्यांनी येतात. आणि त्याच्याही पुढे १८ वर्षं ११ दिवसांचं सारोस चक्र, ज्यानंतर तशीच ग्रहणं पुन्हा येतात आणि ज्याच्या आधारे प्राचीन बॅबिलोनियातले निरीक्षक ग्रहणांचा अंदाज बांधत. यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. मधली एक काढली तर वरची कोसळते. याचा ४० सेकंदांचा शॉर्ट करता येईल, पण त्यात बघणाऱ्याला उत्तर मिळेल, समज मिळणार नाही. 'कक्षा कललेली असते म्हणून' हे वाक्य तो पाठ करेल आणि विसरेल.

म्हणून नवा विषय सुचला की पहिल्यांदा एवढंच विचार: बघणाऱ्याच्या डोक्यात एकच गोष्ट हलवायची आहे, की एकावर एक रचत न्यायचं आहे? एकच असेल तर शॉर्ट कर, मन लावून कर. रचायचं असेल तर लागेल तेवढा वेळ घे आणि त्याची लाज बाळगू नकोस. काही विषय अधलेमधले असतात, तीन-चार मिनिटांचे. त्यांना हल्ली दोन्हीकडे थोडी थोडी जागा आहे. १५ ऑक्टोबर २०२४ पासून यूट्यूबवर ३ मिनिटांपर्यंतचा उभा किंवा चौकोनी व्हिडिओ शॉर्ट धरला जातो. तरी एक सांभाळ: मिनिटापेक्षा मोठ्या शॉर्टमध्ये दुसऱ्याच्या मालकीचं काही वापरलंस आणि त्यावर कंटेंट आयडीचा (दुसऱ्याचं संगीत किंवा चित्र ओळखणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेचा) दावा लागला, तर तो शॉर्ट सगळीकडे बंद होतो. पार्श्वसंगीत निवडताना हे लक्षात असू दे.

'आता जमाना शॉर्टचा आहे' हे वाक्य तुझ्या मेलमध्ये तीनदा आलंय. त्याबद्दल थोडं बोलते, कारण या वाक्याने तुझ्यासारख्या पुष्कळ चांगल्या मुलांची झोप उडवलेली मी पाहते. लांबीचे जमाने येतात आणि जातात, आणि ते बहुधा यंत्र किंवा कंपनी ठरवते. १८९५ मध्ये ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये पैसे घेऊन चित्रपट दाखवले, तेव्हा एकेक चित्रपट जेमतेम ५० सेकंदांचा होता, कारण त्यांच्या कॅमेऱ्यात साधारण १७ मीटर फिल्म मावायची. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ, २३ एप्रिल २००५ चा, १९ सेकंदांचा आहे. २००६ मध्ये तिथे बहुतेकांना १० मिनिटांची मर्यादा आली, २०१० मध्ये ती १५ मिनिटं झाली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून ती काहींसाठी उठू लागली. २०१३ मध्ये व्हाइन हे आखूड व्हिडिओचं ॲप आलं, तिथे ६ सेकंदांत सगळं सांगायचं. त्या ६ सेकंदांत कमालीची हुशारी दाखवणारी माणसं होती. २०१७ च्या जानेवारीत ते बंद झालं. ज्यांना गोष्ट सांगता येत होती ते दुसरीकडे जाऊन पुन्हा उभे राहिले. ज्यांच्याकडे फक्त ६ सेकंदांची युक्ती होती त्यांना ते जड गेलं.

टिकटॉककडे बघ. १५ सेकंदांपासून सुरू झालेलं ते, मग १ मिनिट, २०२१ मध्ये ३ मिनिटं, २०२२ मध्ये १० मिनिटं. पुढे त्यांनी निर्मात्यांना पैसे देण्याची जी योजना आणली तिची अटच १ मिनिटापेक्षा मोठ्या व्हिडिओची. म्हणजे ज्यांनी जगाला आखूड व्हिडिओची सवय लावली तेच लांबीकडे सरकले. उलट टोकाचं उदाहरण क्विबी या मोबाइलवरच्या व्हिडिओ सेवेचं. १० मिनिटांच्या आतले भाग, नामांकित कलाकार, सुमारे पावणेदोन अब्ज डॉलरचं भांडवल. एप्रिल २०२० मध्ये सुरू होऊन त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये बंद. नुसतं आखूड असल्याने कुणी बघत नाही आणि नुसतं लांब असल्याने कुणी पळत नाही. तू ज्या लांबीवर सगळं पणाला लावायला निघालास, ती दोन वर्षांनी कुणाच्या तरी एका बैठकीत बदलू शकते. ग्रहण समजावून सांगता येणं मात्र बदलणार नाही.

पैशाचं थोडक्यात, कारण तू आडून आडून तेही विचारलंयस, आणि विचारणं योग्यच आहे. यूट्यूबवर जाहिरातीच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर लागतात, आणि सोबत एकतर वर्षभरात ४,००० तासांचा वॉच टाइम, नाहीतर ९० दिवसांत शॉर्टचे १ कोटी व्ह्यूज. शॉर्टच्या फीडमधला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत. त्यामुळे वर काढलेले १,२५० तास तिथे शून्य आहेत, आणि ग्रहणाचे ६० तास पूर्ण ६० आहेत. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीतले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात. शॉर्टचं उत्पन्न आधी एकत्र जमा होतं, त्यातून संगीताचा खर्च वजा होतो, आणि तुझ्या वाट्याला येणाऱ्या रकमेतले ४५ टक्के तुला. ८ मिनिटांच्या पुढच्या व्हिडिओत मध्ये जाहिराती टाकता येतात. हे कळल्यावर पुष्कळजण ६ मिनिटांचा विषय ओढूनताणून ८ मिनिटं १० सेकंदांवर नेतात. तू ते करू नकोस. बघणाऱ्याला ती ओढाताण कळते, आणि त्याला एकदा तसं वाटलं की पुढच्या वेळी तो थंबनेल बघूनच पुढे जातो.

आता शॉर्टच्या बाजूने मनापासून लिहिते, कारण तुझ्या हातात ती कला आहे. शॉर्ट जे शिकवतो ते दुसरीकडे इतक्या लवकर शिकायला मिळत नाही. पहिल्या फ्रेममध्येच काहीतरी घडत असावं लागतं. एक शब्द जास्त झाला तर अंगठा हलतो. स्टुडिओत 'पाहिलं' आणि 'सरकवलं' यांची टक्केवारी दिसते, ती म्हणजे तुझ्या पहिल्या दोन-तीन सेकंदांची थेट परीक्षा. हेच शिक्षण ग्रहणाच्या व्हिडिओला लावून बघ. त्यातला पहिला दीड मिनिट तू चॅनलची ओळख, सबस्क्राइब करायची विनंती आणि 'आज आपण काय काय बघणार आहोत' यात घालवलास. शॉर्टमध्ये हे तू कधीच केलं नसतंस. मग मोठ्यात का केलंस? वेळ आहे म्हणून? मोठा व्हिडिओ म्हणजे ढिलाईची मुभा नसते. त्यातही प्रत्येक मिनिटाने पुढच्या मिनिटाची उत्सुकता निर्माण करावी लागते, फक्त श्वास मोठा घ्यायला मिळतो.

रिटेन्शनचा आलेख, म्हणजे कुठल्या क्षणापर्यंत किती लोक टिकले ते दाखवणारी रेषा, उघड आणि व्हिडिओशेजारी ठेवून सेकंदासेकंदाने बघ. तू पाठवलेल्या स्क्रीनशॉटवरून मला दोन जागा दिसतात. पहिली हीच, सुरुवातीची. दुसरी नवव्या मिनिटाच्या आसपास, जिथे तू 'पातबिंदू' (त्या दोन कक्षा छेदतात ते बिंदू) हा शब्द समजावून न सांगता वापरलास आणि पुढे गेलास. तिथे रेषा एकदम खाली जाते. लोक कंटाळले म्हणून गेले असं तू लिहिलंयस. मला तसं वाटत नाही, ते हरवले म्हणून गेले. कंटाळलेल्या माणसासाठी व्हिडिओ छोटा करावा लागतो, हरवलेल्यासाठी कधीकधी एक मिनिट वाढवावा लागतो. त्या जागी दोन बांगड्या एकमेकींत तिरक्या धरून दाखवल्या असत्यास तर तो शब्द आपोआप कळला असता. आणि बाराव्या मिनिटाला रेषा जरा वर उचललेली दिसते. तिथे लोकांनी मागे जाऊन पुन्हा पाहिलंय. तो सावलीचा भाग आहे. ते तुझं बळ आहे, त्यावर पुढचा व्हिडिओ उभा राहू शकतो.

मोठ्या व्हिडिओचे तुकडे पाडून शॉर्ट म्हणून टाकायची रीत आहे. तुला ती सोपी वाटेल, पण सावध राहा. मधूनच कापलेला तुकडा आगापिछा नसल्यासारखा वाटतो आणि आडव्या चित्राच्या उभ्या पट्टीत निम्मी आकृती बाहेर जाते. शॉर्ट वेगळा लिही, वेगळा चित्रित कर. तो स्वतःपुरता पूर्ण असू दे, आणि शेवटी बघणाऱ्याच्या मनात असा एक प्रश्न ठेव ज्याचं उत्तर मोठ्या व्हिडिओत आहे. 'दर अमावास्येला चंद्र सूर्याच्या बाजूलाच असतो. मग दर महिन्याला ग्रहण का नाही?' एवढ्यावर शॉर्ट थांबला तरी चालेल, जर त्याआधी तू काहीतरी पुरं दाखवलं असशील. नुसतं अर्धवट तोडून 'पुढचं बघायला चॅनलवर या' म्हणणं मला आवडत नाही, त्यात समोरच्याची फसवणूक आहे. शॉर्टच्या वर्णनातल्या आणि कॉमेंटमधल्या लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरपासून क्लिक होत नाहीत. स्टुडिओत 'रिलेटेड व्हिडिओ'ची सोय आहे, तिथे ग्रहणाचा व्हिडिओ जोड. किती लोक तिथून आले ते कळेल. थोडेच येतील, त्याने खट्टू होऊ नकोस.

वेगळं चॅनल काढू का, हा तुझा प्रश्न. विषय एकच असेल तर नको. दोन चॅनल म्हणजे दोन संसार.

आता रोज एक शॉर्ट टाकण्याबद्दल. तुझी नोकरी आहे, रात्रीचे दोन-तीन तासच तुझ्या हाती असतात. रोजच्या शॉर्टला ते सगळे जातील, आणि वाचायला, आकाशाकडे बघायला, प्रश्न पडायला वेळ उरणार नाही. करंगळीची कल्पना तुला घाईत सुचली नव्हती, ती सुचायला कित्येक रात्री गच्चीवर उभं राहावं लागलं होतं, असं तूच सांगितलं होतंस. ते बंद झालं तर काही आठवड्यांत तू इतरांचेच शॉर्ट थोडे फिरवून करू लागशील. मी सुचवते ते असं: महिन्याला एक मोठा व्हिडिओ, जमेल तेवढा चांगला. त्याच्या तयारीत जे लहान लहान शोध लागतात, ज्यांना स्वतंत्र जीव आहे, त्यांचे दोन-तीन शॉर्ट. एवढंच. सहा महिने असं चालव. या काळात व्ह्यूजऐवजी, परत परत येणारे प्रेक्षक किती, हा आकडा बघ. तो हळू वाढतो, पण त्यातली माणसं खरी असतात.

शॉर्टचा एक त्रास तुला आत्ताच सुरू झालेला दिसतो, म्हणून लिहिते. त्याचं उत्तर तासाभरात मिळतं. वर गेला की आनंद, नाही गेला की रात्रभर फोन हातात. मोठा व्हिडिओ महिन्यांनी, कधी वर्षांनी शोधातून माणसं आणतो. पुढचं ग्रहण आलं की लोक पुन्हा तोच प्रश्न टाइप करतील, आणि तुझा व्हिडिओ तिथे असेल. शॉर्ट टाकलेल्या दिवशी अपलोड करून फोन दुसऱ्या खोलीत ठेव आणि सकाळी बघ. हे मी काळजीपोटी सांगते, नियम म्हणून नाही.

आता काम. ग्रहणाचा व्हिडिओ काढून टाकू नकोस, आहे तसा राहू दे. फक्त त्याचं शीर्षक बदल. 'ग्रहण : एक खगोलीय घटना' असं कुणी शोधत नाही, 'दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही?' असं शोधतात. वर्णनात चॅप्टर, म्हणजे भागांची नावं आणि वेळा, टाक: पहिली वेळ ०:०० असायला हवी, किमान तीन भाग, आणि प्रत्येक निदान १० सेकंदांचा. थंबनेलवर सध्या सहा शब्द आहेत, दोन ठेव. आणि पुढचा व्हिडिओ त्या कॉमेंटमधल्या प्रश्नावर कर, कक्षेचा कल कायम एकाच दिशेला राहतो का. त्याची स्क्रिप्ट शूटिंगच्या आधी मला पाठव. पूर्ण नको, पहिली दोन पानंच. रविवारपर्यंत मिळाली तर सोमवारी रात्री फोनवर बोलू.

तुझी,
ताई